न केलेल्या चोरीची माफी

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, घरचे म्हणतात जुनं उकरून काढू नका. पण मी हाताळलेले खून, दरोडे आता विसरत चाललोय आणि ज्यात शेवटी साधा गुन्हाही दाखल झाला नाही, असं हे प्रकरण मात्र मनातून हलत नाही. कोणाचं नाव सांगणार नाही. त्यातली माणसं अजून त्याच गावात नांदतात.

वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी तेव्हा ठाणेदार होतो. हद्दीत भांडणं, बांधाचे वाद, मोटारपंपाच्या चोऱ्या, यात्रेच्या दिवसांत पोहरादेवीचा बंदोबस्त, एवढंच काम. एका सोमवारी सकाळी हजेरी आटोपून बसलो होतो, तेव्हा जवळच्या एका गावातल्या ख्रिस्ती मंडळीची कमिटी तक्रार अर्ज घेऊन आली. गावात त्यांची वीस-बावीस घरं आणि पत्र्याचं छोटं चर्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असतं, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस सगळे मिळून घेतात. तो रस ज्यातून घेतात तो चांदीचा प्याला चोरीला गेला होता. पूर्वीच्या मिशनऱ्यांच्या काळातला, आजोबा-पणजोबांच्या ओठांना लागलेला. किमतीपेक्षा त्याची माया मोठी होती.

अर्ज सुंदर अक्षरात लिहिलेला होता. लिहिणारे कमिटीचे सेक्रेटरी, निवृत्त शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. सोबत चर्चचे तरुण पाळक, म्हणजे धर्मगुरू, आणि आणखी तिघं. मी सगळ्यांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला. अर्जात होतं की प्याला सुस्थितीत कपाटात होता, शनिवारी नसल्याचं आढळलं, आणि कपाटाची किल्ली झाडलोट करणाऱ्या बाईंकडे असते.

"एकच किल्ली आहे?" मी विचारलं.

"दुसरी कमिटीकडे हाय," गुरुजी म्हणाले.

कमिटीकडे म्हणजे कोणाकडे, हे मी विचारलं नाही. इथेच माझी पहिली चूक झाली आणि ती अनुभव कमी पडल्यामुळे झाली नव्हती. आमच्या खात्यात एक खोड आहे: समोर खुर्चीवर बसून चहा पिणाऱ्या माणसाचा आम्ही संशय घेत नाही. संशय घ्यायला माणूस उभा असावा लागतो.

त्या बाई विधवा, पंचावन्नच्या पुढच्या. शाळेत खिचडी शिजवायचं काम करायच्या आणि चर्चची झाडलोट वीस वर्षं विनामोबदला करायच्या. शनिवारी प्याला घासायला म्हणून कपाट उघडलं आणि तो दिसला नाही म्हणून पाळकांकडे धावत गेल्या त्या त्याच. जो पहिला सांगतो तोच पहिला संशयित, ही खात्याची दुसरी खोड. तशात दुपारी आमच्या नेहमीच्या खबऱ्याचा फोन आला. त्याची बस थांब्यावर पानटपरी होती.

"साहेब, ती बाई शुक्रवारी भरली थैली घेऊन मेडशीच्या गाडीत बसली. येताना थैली रिकामी होती. म्या डोयानं पाह्यलं."

झालं. शुक्रवारी माल लांबवला, शनिवारी आपणच बोंब ठोकली, असं चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं. महिला शिपाई घेऊन त्यांच्या घराची झडती घेतली. दोन खोल्यांचं घर. ट्रंक उघडून लुगडी दारात टाकली, पिठाचा डबा उलटा केला, आणि सगळी गल्ली बघत उभी राहिली. काही मिळालं नाही. थैलीत काय होतं विचारलं तर म्हणाल्या, मेडशीला बहिणीची पोरगी बाळंत झाली, तिच्यासाठी जुनी मऊ लुगडी नेली. हे पडताळून पाहायला एक फोन पुरला असता. मी तो केला नाही. मी त्यांना जीपमध्ये बसवलं.

सोमवारी दुपारपासून आणि मंगळवारी सकाळी दहापासून, दोन्ही दिवस संध्याकाळी पाचपर्यंत त्यांना ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. कायद्यानं बाईमाणसाला सूर्यास्तानंतर ठेवता येत नाही म्हणून पाचला घरी सोडायचो आणि सकाळी परत बोलवायचो. हात लावला नाही, हे मी पूर्वी अभिमानानं सांगायचो. पण ठाण्याच्या बाकावर दोन दिवस बसलेल्या बाईचं गावात काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मंगळवारीच शाळेच्या हेडमास्तरांनी निरोप धाडला, प्रकरण मिटेपर्यंत खिचडी शिजवायला येऊ नका. लेकरांच्या अन्नाला चोराचा हात नको, असं कोणीतरी पालक म्हणाले म्हणे.

चौकशीत मी आवाज चढवला, धमकावलं, समजावलं. बहुतेक माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी ढिली पडतात. जेवणानंतर डोळे जड होतात आणि घर आठवतं, तेव्हा तोंड उघडतं. या बाई एकच उत्तर देत होत्या.

"मी नाई नेला, साहेब."

"मग कोणी नेला?"

"मले मालूम नाई. मालूम नसताना कोनाचं नाव घेऊ?"

बुधवारी सकाळी कमिटी पुन्हा आली, आणि जे घडलं ते माझ्या अख्ख्या नोकरीत एकदाच घडलं. पाळक म्हणाले, "साहेब, आम्ही रात्री प्रार्थना केली. आम्हाला चोर पकडायचा नाही. आमच्या प्रभूनं आम्हाला क्षमा करायला शिकवलं आहे. मंडळीनं बहिणीला क्षमा केली. तुम्ही सोडून द्या."

मला खोटं बोलायचं नाही, मी भारावून गेलो. इथे लोक बांधावरच्या एका बोरीसाठी तीन पिढ्या कोर्टात घालवतात आणि ही माणसं चांदीवर पाणी सोडत होती. तक्रार अर्जच होता, गुन्हा नोंदवलेला नव्हता. अशा वेळी ठाण्यात माफीनामा लिहून घेतात. समोरच्यानं चूक कबूल करायची, पुन्हा करणार नाही लिहायचं, सही किंवा अंगठा द्यायचा, अर्ज निकाली. कमिटीनं माफीनामा तयारच करून आणला होता. तेच सुंदर अक्षर. ‘लोभाच्या भरात माझ्या हातून पाप घडले, मंडळीने मोठ्या मनाने मला क्षमा करावी.’ खाली अंगठ्यासाठी जागा सोडलेली.

बाईंना आत बोलावलं. मी कागद वाचून दाखवला आणि म्हणालो, "नशीबवान आहेस. अंगठा दे आणि घरी जा."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग पाळकांकडे.

"पाळकसाहेब, माफी तं मी रोज मांगतो. मी काई लई चांगली नाई. जिभीनं तिखट हाव, शेजारनीसंगं चार महिने बोलली नाई, ते बी देवाले सांगतलं. पन जे केलंच नाई त्याची माफी कायले घेऊ?"

पाळक मवाळपणे म्हणाले, "बहिणी, नम्र हो. आमच्या मनात काही राहिलं नाही. आपल्या प्रभूनं तर काही केलं नसताना दुसऱ्यांचं पाप अंगावर घेतलं."

"दुसऱ्याचं पाप अंगावर घ्याचं काम त्यानं केलं," बाई म्हणाल्या. "ते त्यालेच जमते. मी हे पाप घेतलं तं ज्याचं हाय तो तसाच राहीन ना, पाळकसाहेब. त्याले मंग कोनाची माफी?"

माझा पारा चढला. दोन दिवस वाया गेले, प्रकरण मिटत आलंय, आणि ही बाई अडून बसलीय. मी शाईचा पॅड पुढे सरकवला आणि महिला शिपायाला खूण केली. तिनं बाईंचं मनगट धरलं. बाईंनी मूठ आवळली. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत, फक्त बोटं इतकी घट्ट मिटली की नखं पांढरी पडली. शिपाई माझ्याकडे बघायला लागली. मी "राहू दे" म्हणालो आणि कमिटीला दुपारनंतर यायला सांगितलं.

त्या मुठीनं मला भानावर आणलं. तीस वर्षांत मी शेकडो चोर पाहिले. पाया पडणारे, बायकोपोरांच्या शपथा घेणारे, वेड्याचं सोंग आणणारे. पण फुकटात मिळणारी माफी नाकारणारा चोर मी पाहिला नव्हता. चोराला माफी दिसली की तो दोन्ही हातांनी झेलतो. म्हणजे समोर उभी असलेली बाई चोर नव्हती, आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

तेव्हा कुठे मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि जे सोमवारी विचारायला हवं होतं ते विचारलं. प्याला शेवटचा कधी हाताळला? कसा होता?

"मागच्या पयल्या रविवारी धुतला. त्याचा खालचा पाय ढिला झालता, साहेब. जोड सुटला होता. मी गुरुजीले सांगतलं, ते म्हने पाहू."

अर्जात तर लिहिलं होतं, सुस्थितीत. मी पाळकांना फोन लावला. त्यांना अर्जातला तो शब्द माहीतही नव्हता. ते म्हणाले, "हो, पाय हलत होता. मागच्या वेळी मी दोन्ही हातांनी धरला होता." दुसरी किल्ली कोणाकडे असते, हेही विचारून घेतलं. गुरुजींकडे.

आता रस्ता सरळ होता. जोड सुटलेली चांदीची वस्तू जबाबदार माणूस दुरुस्तीला नेणार. हवालदाराला आसपासच्या सराफांकडे पाठवलं. शिरपूरच्या बाजारात एका जैन व्यापाऱ्याच्या दुकानात तो तासाभरात पोहोचला. शेटजींनी मोबाइल काढून फोटोच दाखवला. पाय जोडलेला प्याला, मागे काऊंटर, आणि प्याला धरलेले दोन हात.

"जुनी चीज आली की मी फोटो काढून ठेवतो," ते हवालदाराला म्हणाले. "कायले म्हनसान तं उद्या तुमीच दारात उभे राहता. गुरुजी होते. गुरुवारी घेऊन गेले. कापडी थैलीत देली त्याइले, आमच्या दुकानाच्या."

गुरुजींना बोलावलं. ते आले आणि सवयीनं खुर्ची ओढून बसले. मी हवालदाराच्या मोबाइलवरचा फोटो टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि चष्मा काढला.

"विकला?" मी विचारलं.

"नाही हो, साहेब. देवाशपथ नाही. दुरुस्त करून घेतला. परत येताना यष्टीत थैली सीटखाली ठेवली. फोनवर बोलता बोलता उतरलो अन् गाडी निघून गेली."

एवढंच होतं. विसराळूपणा. कोणालाही हसून सांगावा असा. उद्या सांगू, उद्या सांगू असं ठरवता ठरवता शनिवार उजाडला. बाई ओरडत पाळकांकडे आल्या, सगळे जमले, आणि कोणीतरी म्हणालं, किल्ली तर हिच्याकडेच असते. त्या क्षणी गुरुजी तोंड उघडू शकत होते. उघडलं नाही. मग रविवार गेला. सोमवारी कमिटी म्हणाली, गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं, अर्ज तुम्हीच लिहा. त्यांनी लिहिला, आणि ढिल्या पायाची गोष्ट निघू नये म्हणून ‘सुस्थितीत’ हा शब्द घातला. मंगळवारी रात्री म्हणाली, माफीनामा लिहा. तोही लिहिला. लोभाच्या भरात माझ्या हातून पाप घडले. हे वाक्य दुसऱ्याच्या नावानं लिहिताना या माणसाचं अक्षरसुद्धा बिघडलं नाही.

"डेपोत विचारलं?"

"विचारलं असतं तर हरवल्याचं गावात कळलं असतं."

मी शिपायाला मोटारसायकलवर तालुक्याच्या बसस्थानकावर पाठवलं. तो पाऊण तासात परत आला, दुकानाची थैली घेऊन. कंडक्टरनं गुरुवारीच ती कंट्रोलरकडे जमा केली होती. बाकावर एक बाई दोन दिवस बसली, तिची ट्रंक गल्लीत उलटी झाली, तिचं काम गेलं, आणि प्याला कंट्रोलरच्या कपाटात सुखरूप होता. एक माणूस चार शब्द बोलायला तयार नव्हता म्हणून.

गुरुजी रडायला लागले. रडण्याचा मला राग नाही. राग आला तो पुढच्या वाक्याचा.

"मी गप्प नव्हतो, साहेब. तीन दिवस उपास केला. गुडघ्यावर बसून पाप कबूल केलं. देवानं क्षमा केली, मनाला शांती भेटली."

"शांती भेटली?" मी उभाच राहिलो. "ती बाई इथे बसली होती आणि तुम्हाला शांती भेटली? देवापर्यंत जाऊन आलात, अन् तिचं घर तुमच्या घरापासून किती लांब आहे? एक गल्ली. तेवढी ओलांडवली नाही? देव काय आमच्यासारखा अर्ज निकाली काढून मोकळा होतो?"

मी ख्रिस्ती नाही. त्यांच्या शास्त्रातलं मला फारसं कळत नाही. पण ज्याचं नुकसान केलं त्याला वगळून वरच्या वर मिटवून टाकलेली माफी मी प्रत्येक धर्माच्या माणसात पाहिली आहे आणि मला तिची चीड आहे. कोणी नदीत डुबकी मारतो, कोणी दान करतो, कोणी उपास धरतो. ज्याचा पाय मोडला तो घरी लंगडत असतो.

दुपारी कमिटी आली. प्याला पाहून त्यांचे डोळे भरले. पाळकांचा चेहरा मात्र उतरला होता. बोलणारे बाकीचे होते. "साहेब, वस्तू मिळाली, चोरी झालीच नाही. गुरुजी वयस्कर, मानाचा माणूस. आम्ही त्यांना क्षमा केली. इथल्या इथे मिटवू." बाईंसाठी माफीनामा लागला होता, अंगठा लागला होता. गुरुजींसाठी कागद कोणी आणला नव्हता. मी तोंडावर सांगितलं, "तुम्ही कोण क्षमा करणारे? तुमचं काय गेलं? जिचं गेलं ती व्हरांड्यात बसली आहे."

बाईंना आत बोलावलं आणि घडलेलं सगळं सांगितलं. मी पहिल्यांदा त्यांना ‘तुम्ही’ म्हणालो. "खोटी माहिती दिल्याबद्दल यांच्यावर कारवाई करता येते. तुम्ही म्हणा, कागद मी आजच तयार करतो."

गुरुजी उठले आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काहून नाई सांगतलं, गुरुजी? मी काय तुमाले खाल्लं असतं?" मग पदरानं डोळे पुसले. "जाऊ द्या. मी माफ केलं."

मला सहन झालं नाही. "एवढ्यात? बाई, यांनी तुमच्या अब्रूचं पोतेरं केलं."

"केलं तं खरं," त्या म्हणाल्या. "मले राग नाई असं नाई, साहेब. मले लई राग हाये. पन मले माह्या देवानं फुकट माफ केलं. मी याइच्यापासून काय वसूल करू? माफी हाये ती हाये." मग गुरुजींकडे वळल्या. "पन आता घरी जाऊन बसू नोका. चाला माह्यासंगं. पयले शाळेत, मंग माह्या गल्लीत. जितं जितं माह्यं नाव गेलं तितं तितं तुमी सांगा."

आणि ते गेले. पुढे त्या, मागे गुरुजी, त्यांच्या मागे पाळक. हवालदारानं मला नंतर सांगितलं की गुरुजी हेडमास्तरांपुढे बोलले, प्रत्येक दारात थांबून बोलले, पानटपरीवरही बोलले. चौथ्या दारापासून त्यांचा आवाज मोकळा झाला होता म्हणे. रविवारी पाळकांनी भरल्या चर्चमध्ये उभं राहून बाईंची क्षमा मागितली, न केलेल्या पापाची माफी देऊ केल्याबद्दल. त्याआधी गुरुवारपासूनच बाई पुन्हा खिचडी शिजवायला जाऊ लागल्या होत्या.

ठाण्यातून निघताना त्या दारात क्षणभर थांबल्या होत्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. काय पाहत होत्या ते मला कळलं होतं. मी कागद चाळत म्हणालो, "चौकशीचा भाग असतो बाई, मनावर घेऊ नका." आमच्या खात्यात प्रत्येकजण हेच म्हणतो. स्टेशन डायरीत नोंद केली, अर्ज निकाली काढला, फाईल बंद केली. गुरुजींवर मी ओरडलो होतो तेव्हा माझा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला होता. स्वतःची पाळी आली तेव्हा मलाही गल्ली ओलांडवली नाही.

ओलांडायला नोकरी संपावी लागली. निवृत्तीनंतरच्या वर्षी त्याच जिल्ह्यातल्या मालेगावला एका लग्नाला गेलो होतो, तिथून गाडी त्या गावाकडे वळवली. बाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी ओळखलं, बाज टाकली, पाणी आणलं. काय बोलायचं ते मी वाटेत घोकत आलो होतो. तिथे गेल्यावर पाचवीतल्या पोरासारखी अवस्था झाली. कसंबसं म्हणालो, "तुमची झडती घेतली, दोन दिवस बसवलं, तुमचं मनगट धरायला लावलं. ती चौकशी नव्हती. माझी चूक होती. मला माफ करा."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मी तं तवाच केलं होतं, साहेब, तुमच्या दारात उभी होतो तवा," त्या म्हणाल्या. "तुमीच घ्याले आले नाई."